अर्जासाठी फोटोची साइज कमी करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्या स्टुडिओत फोटो आणण्यापूर्वी कृपया तो स्वतः लहान करू नये. भरतीच्या अर्जांची मुदत जवळ आली की अनेक ग्राहक व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून, तो पुन्हा एखाद्या ॲपमधून कमी करून आणतात आणि ‘५० केबीत बसवून द्या’ असे सांगतात. असा फोटो बहुधा ५० केबीत आधीच बसत असतो. त्यात चेहरा मात्र नीट ओळखू येत नाही.

याचे कारण असे की, जेपीजी फाइल कमी दर्जावर सेव्ह करताना काही तपशील कायमचा गाळला जातो आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअरने खराखुरा परत आणता येत नाही. केसांच्या कडेला चौकोनी ठिपके उमटतात, गाल सपाट दिसतात आणि सहीच्या रेषेभोवती करडी धूळ बसल्यासारखी वाटते. म्हणून मूळ फोटो डिलीट करू नये आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

आयबीपीएस (बँकांसाठी भरती परीक्षा घेणारी संस्था) हिच्या बँक भरतीत फोटो २०० × २३० पिक्सेल व २० ते ५० केबी, तर सही १४० × ६० पिक्सेल व १० ते २० केबी अशी मागतात. मोबाइलच्या १२ मेगापिक्सेल फोटोत सुमारे १ कोटी २० लाख पिक्सेल असतात; अर्जाला हवे असतात अवघे ४६ हजार. त्यामुळे आधी फोटो योग्य प्रमाणात कापावा, मग पिक्सेल कमी करावेत आणि दर्जाला हात सर्वांत शेवटी लावावा. पिक्सेल तसेच ठेवून नुसता दर्जा उतरवत नेला, की वर सांगितलेले ठिपके येतात. उलट, इतक्या लहान चौकटीचा फोटो कधी २० केबीच्याही खाली जातो आणि तेवढ्यावरूनही नाकारला जातो, ही खालची मर्यादा फारसे कोणी वाचत नाही. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने करावी. इंग्रजी कॅपिटल अक्षरांतली सही तिथे चालत नाही.

‘दोन मिनिटांच्या कामाचे पैसे कशाचे?’ असे आम्हाला विचारले जाते. मूळ फोटो चांगला असेल, तर हे काम घरीही होते आणि ते जरूर करावे. फक्त आपला फोटो व सही कोणत्या अनोळखी संकेतस्थळावर चढवत आहोत, याचा विचार करावा. आम्ही तयार फाइल मोठ्या पडद्यावर ग्राहकाला दाखवून, तिची मापे जाहिरातीशी ताडूनच देतो. पैसे घेतो ते त्या तपासणीचे. आमच्याच स्टुडिओत काढलेल्या फोटोसाठी हे पैसे घेत नाही, शिवाय मूळ फाइलही सोबत मिळते.

येताना मूळ फोटो, पांढऱ्या कागदावरची सही आणि जाहिरातीतील मापांचे पान आणावे. आयफोनवरील एचईआयसी फाइल (आयफोन फोटो साठवतो तो प्रकार) आहे तशी आणली तरी चालेल; नुसते नाव बदलून तिची जेपीजी होत नाही.