डीकॉम ते पोर्ट ४८४०: ओपीसी यूए सर्व्हरच्या सुरुवातीच्या ओळी कुठून आल्या

ओपीसी यूए सर्व्हर, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांची मूल्ये दुसऱ्या सॉफ्टवेअरला (क्लायंटला) पुरवणारा प्रोग्राम, पहिल्यांदा कोडमधून उभा करताना बहुतेकांना एकच प्रश्न पडतो: टाकीचे तापमान बाहेर दाखवायला एवढा पसारा कशाला? एंडपॉइंटचा (क्लायंटने जोडून घ्यायच्या जागेचा) पत्ता, ॲप्लिकेशन यूआरआय (सर्व्हरचे एकमेव ओळखनाव), सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र), सिक्युरिटी पॉलिसी, नेमस्पेस (नावांचा गट), आणि एवढे झाल्यावर स्टार्ट. १९७९च्या मॉडबस या औद्योगिक प्रोटोकॉलला रजिस्टरचा क्रमांक पुरतो. पण हा पसारा कोणाच्या हौसेचा नाही. त्यातल्या बऱ्याचशा ओळींमागे जुन्या ओपीसीने दिलेला मनस्ताप आहे.

१९९६ साली ओपीसी आले तेव्हा प्रत्येक स्काडा पॅकेजला (कारखान्यावर पडद्यावरून नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला) प्रत्येक पीएलसीसाठी (यंत्र चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरसाठी) वेगळा ड्रायव्हर लागत असे. ते जंजाळ ओपीसीने सोडवले, मात्र विंडोजच्या कॉम आणि डीकॉमवर, म्हणजे प्रोग्रामना एकाच मशीनवर आणि नेटवर्कवरून एकमेकांशी बोलू देणाऱ्या यंत्रणांवर, स्वार होऊन. त्यामुळे सर्व्हर सुरू करणे प्रोग्रामरच्या हातात नव्हतेच. सर्व्हरची नोंद रजिस्ट्रीत व्हायची आणि क्लायंटने मागणी केली की विंडोज स्वतःच प्रोसेस उठवायचे. कोणत्या खात्याखाली उठवायचे, हे डीकॉमच्या सेटिंगमध्ये ठरे, आणि घोळ तिथेच होई. ‘लाँचिंग यूजर’ निवडला की प्रत्येक यूजरमागे सर्व्हरची वेगळी प्रत उठे. पहिलीने सीरियल पोर्ट धरून ठेवलेला असला की दुसरीच्या हाती काही लागत नसे. ‘इंटरॲक्टिव्ह यूजर’ निवडला, तर रात्री मशीन रीस्टार्ट झाल्यावर कोणीतरी लॉगिन करेपर्यंत सर्व्हर उठतच नसे.

नेटवर्कवर तर आणखी वाईट. बोलणे पोर्ट १३५वर सुरू होई, पण पुढचे पोर्ट विंडोज आयत्या वेळी वाटे. व्हिस्टापासून ४९१५२ ते ६५५३५ या पट्ट्यात. शिवाय बदललेली मूल्ये कळवायला सर्व्हर उलटा क्लायंटला फोन लावी, म्हणून परवानग्या दोन्ही मशीनवर द्याव्या लागत. केबल निघाली तर डीकॉमचा पिंग दर २ मिनिटांनी, आणि ३ पिंग चुकल्यावर क्लायंट गेल्याचे सर्व्हरला समजे: सरळ ६ मिनिटे. २००४च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ने डीकॉमची सुरक्षा आवळली आणि चालू असलेली कित्येक कनेक्शन तुटली. जे उरले होते त्यांना मार्च २०२३च्या अपडेटने गाठले. डीकॉमची नवी कडक पडताळणी तेव्हापासून बंद करता येत नाही.

२००६पासून प्रसिद्ध होत गेलेल्या आणि पुढे आयईसी ६२५४१ म्हणून मानक झालेल्या ओपीसी यूएने विंडोजची पाठ सोडली. कनेक्शन क्लायंटच उघडतो, टीसीपीचे एकच, नेहमीचे पोर्ट ४८४०. क्लायंट पब्लिश रिक्वेस्ट आधीच पाठवून ठेवतो आणि मूल्य बदलले की सर्व्हर त्यांना उत्तर देतो. उलटा फोन संपला, फायरवॉलमध्ये एक नियम पुरला. पण विंडोज करत होते ते ओळख पटवण्याचे कामही आता सर्व्हरच्याच गळ्यात आले. सर्टिफिकेट आले ते इथून.

सीमधल्या ओपन६२५४१ या लायब्ररीत सर्व्हर बनवणे, डीफॉल्ट कॉन्फिगरेशन भरणे आणि रन करणे इतक्यात काम होते. फक्त त्या डीफॉल्टमध्ये सिक्युरिटी पॉलिसी ‘नन’ (म्हणजे सुरक्षा नाहीच) एवढीच असते. एन्क्रिप्शन हवे तर लायब्ररी बिल्ड करतानाच तो पर्याय चालू करून एमबेडटीएलएस किंवा ओपनएसएसएल जोडावे लागते. ते राहून गेले की चाचणीचा उघडा सर्व्हर तसाच प्लांटवर जातो.

सुरक्षा चालू केली की चुका ठरलेल्या असतात. कॉन्फिगरेशनमधले ॲप्लिकेशन यूआरआय आणि सर्टिफिकेटच्या सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम या रकान्यातले यूआरआय अक्षरशः सारखे हवे. एक स्लॅश जास्त पडला तरी ‘बॅड सर्टिफिकेट यूआरआय इनव्हॅलिड’. बॅटरी गेलेल्या औद्योगिक पीसीचे घड्याळ मागे गेले की सर्टिफिकेट ‘अजून लागू झालेले नाही’ ठरते. क्लायंटचे सर्टिफिकेट पहिल्या खेपेला नाकारले जाणे मात्र बिघाड नव्हे. ते रिजेक्टेड फोल्डरमधून ट्रस्टेडमध्ये हलवायचे असते. बेसिक१२८आरएसए१५ आणि बेसिक२५६ या पॉलिसी एसएचए-१ या कमकुवत ठरलेल्या हॅश पद्धतीवर टेकलेल्या, म्हणून बाद झाल्या. निदान बेसिक२५६एसएचए२५६ ठेवावी.

सर्वांत फसवी चूक एंडपॉइंटची. क्लायंट आयपी पत्त्याने येतो, सर्व्हर एंडपॉइंटच्या यादीत स्वतःचे होस्टनेम कळवतो, आणि प्लांटच्या नेटवर्कवर डीएनएस नसल्याने पुढचे कनेक्शन अडते. पिंग चालतो, पोर्ट उघडे असते, तरी जोडणी होत नाही. अशा वेळी होस्ट्स फाइलमध्ये नाव घालावे किंवा सर्व्हरला आयपीच कळवायला लावावे. दुसरीकडे, सर्व्हर सुरूच होत नसेल तर त्या मशीनवर लोकल डिस्कव्हरी सर्व्हर (तिथल्या ओपीसी यूए सर्व्हरची यादी क्लायंटला देणारा) आहे का ते आधी पाहावे. तोही ४८४०वरच बसतो. मग आपला ४८४१वर हलवावा.