चित्रपट-टीव्हीतल्या चित्रणाचं विश्लेषण (अध्यापन)

सिनेमात आणि टीव्हीवर एखादी जात, बाई, गाव, धर्म, म्हातारी माणसं कशी दाखवली जातात, कोण दाखवतं, कुणासाठी दाखवतं आणि कोण दिसतच नाही, हे मुलांना वर्गात क्लिप लावून उलगडायला शिकवायची ही पद्धत. ब्रिटनमधल्या मीडिया स्टडीज या शालेय विषयात माध्यमाची भाषा, प्रेक्षक आणि इंडस्ट्री यांच्या जोडीने 'रिप्रेझेंटेशन' ही चौथी मुख्य संकल्पना धरतात.

या शब्दाला मराठीत काय म्हणायचं यावर एकमत नाही. प्रतिनिधित्व, चित्रण, प्रतिरूपण असे तिन्ही शब्द चालतात आणि हा वाद नुसता भाषांतराचा नाही. साहित्य-समीक्षक गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८च्या निबंधात मार्क्सच्या जर्मनमधले दोन शब्द वेगळे काढले, 'फेरट्रेटन' म्हणजे कुणाच्या तरी वतीने बोलणं आणि 'डारश्टेलन' म्हणजे रंगवून पुढे मांडणं, इंग्रजीत मात्र दोन्हीला एकच शब्द. आमदार मतदारसंघाचं प्रतिनिधित्व करतो, पडद्यावरची आदिवासी बाई कुणी निवडून दिलेली नसते, तिचं चित्रण असतं. पण अख्ख्या सिनेमात ती एकटीच आदिवासी असली की बघणारा तिलाच सगळ्या समाजाच्या जागी धरतो, म्हणजे न निवडता ती प्रतिनिधी होऊन बसते, आणि वर्गात बोलायला हवं ते नेमकं इथेच. या नोंदीत 'चित्रण' वापरलंय कारण त्यात कुणीतरी बसून हे रंगवलंय हे ऐकू येतं, 'प्रतिनिधित्व' म्हटलं की मुलं लगेच कोण किती वेळा दिसलं ते मोजायला लागतात.

सुरुवात कुठून धरायची यावरही दोन मतं. काहीजण थेट १९३३ला जातात, एफ. आर. लीव्हिस आणि डेनिस थॉम्पसन यांच्या शालेय पुस्तकाला, पण त्यात जाहिराती आणि लोकप्रिय संस्कृतीपासून मुलांना वाचवायचं होतं, लस टोचल्यासारखं. चित्रण 'घडवलं' जातं हा विचार तिथे फारसा नाही. तो बर्मिंगहॅमच्या सांस्कृतिक अभ्यास केंद्रात (स्थापना १९६४) आणि विशेषतः स्टुअर्ट हॉल यांच्याकडे सापडतो, त्यामुळे दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे. १९७३च्या निबंधात हॉलनी सांगितलं की टीव्हीवरच्या कार्यक्रमात बनवणारा एक अर्थ भरतो पण बघणारा तो तसाच घेईल, थोडा घेईल, थोडा सोडेल किंवा उलटाच वाचेल. १९७५मध्ये सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी हॉलीवूडचा कॅमेराच पुरुषाच्या नजरेने बघतो हे मांडलं. शाळेच्या वर्गापर्यंत हे यायला मात्र वेळ लागला, तिथे माध्यम-शिक्षणावर लिहिणारे लेन मास्टरमन यांच्या १९८० आणि १९८५च्या पुस्तकांचा वाटा मोठा.

पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट (१९६०) आणि फिल्म अर्काइव्ह (१९६४) यांच्यामुळे सिनेमाचा रसास्वाद शिकवायची परंपरा जुनी आहे आणि इन्स्टिट्यूटमध्ये तो शिकवणारे सतीश बहादुर यांचं नाव त्यात पहिलं घ्यावं लागतं. शॉट थांबवून बघायची सवय तिथूनच पसरली, पण तिचा भर सिनेमाच्या रचनेवर होता, जात किंवा बाईचं चित्रण हा प्रश्न ठळकपणे नंतर आला.

वर्गात काम साधं असतं. दोन-तीन मिनिटांची क्लिप, एकदा नुसती बघायची, एकदा आवाज बंद करून, एकदा चित्र झाकून नुसती ऐकायची. मग अदलाबदल, म्हणजे पात्राची जात, लिंग किंवा बोली बदलून बघायची आणि सीन कुठे मोडतो ते शोधायचं. मराठी मुलांसमोर हिंदी सिनेमातला मराठी हवालदार आणि मराठी मोलकरीण ठेवली की वर्ग लगेच पेटतो, पण खरा धडा त्यानंतरचा, मराठी मालिकेत कामवालीच गावरान का बोलते आणि मालकीणबाई प्रमाण मराठी का, मराठी सिनेमातला 'भैय्या' कसा बोलतो, हे विचारलं की तीच मुलं गप्प होतात आणि त्या गप्प होण्यावर शिक्षकाने घाई करू नये.

'फँड्री' (२०१३) हा मराठी सिनेमा यासाठी फार उपयोगी. डुकराच्या मागे धावणारं कैकाडी कुटुंब शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी उभं राहतं. पुढे काठीला बांधलेलं डुक्कर खांद्यावरून नेतात तेव्हा मागे शाळेची भिंत आणि भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाईंची चित्रं. फ्रेम थांबवून विचारायचं, भिंत मागे ठेवायची हे कुणी ठरवलं, आणि शेवटी त्या कुटुंबातल्या मुलाचा, जब्याचा, दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो तो कुणाला लागला.

मोजणी करणाऱ्या पद्धतीही आहेत. ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५च्या कॉमिक स्ट्रिपमधली कसोटी सगळ्यात प्रसिद्ध, दोन बायका आहेत का, एकमेकींशी बोलतात का, पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का. सुरुवातीला चांगली, पण पास झालेला सिनेमा बाईकडे नीट बघतो असं त्यातून ठरत नाही.

मूल्यमापनात नुसता निबंध पुरत नाही म्हणून ब्रिटनमध्ये मुलांकडून स्वतःचं काहीतरी बनवूनही घेतात. तोच सीन मोबाईलवर परत शूट करायचा, कॅमेरा या वेळी मोलकरणीच्या उंचीवर ठेवून.