पोर्टिंग (रोटरी इंजिनाचे)

रोटरी इंजिनात हवा-पेट्रोलाचे मिश्रण ज्या तोंडातून आत शिरते, त्या इनटेक पोर्टचा आकार आणि जागा बदलण्याचे काम. मोटारीचे रोटरी इंजिन स्वतः बांधलेल्या विमानात बसवणारे हौशी लोक हे काम हमखास करतात, आणि पुष्कळदा गरजेपेक्षा जास्त करतात.

येथे रोटरी म्हणजे वांकेल इंजिन. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या ज्या इंजिनांत सिलिंडरच पंख्याबरोबर गरगर फिरत, त्यांनाही रोटरीच म्हणत; त्यांच्याशी याचा संबंध नाही. फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरचे पहिले इंजिन जर्मनीतील एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये चालले. पुढे ते नेटाने वापरले ते जपानच्या माझदाने, १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टपासून. इंदुरात माझदा म्हटले की जुन्या माणसांना स्वराज माझदाची मिनीबस आठवते, रोटरी नव्हे. त्यात त्यांची चूक नाही. या कंपनीच्या रोटरी इंजिनाच्या आरएक्स मालिकेतील गाड्या भारतात विकल्याच गेल्या नाहीत.

हौशी विमानबांधणीत रोटरींपैकी सर्वांत जास्त वापरले गेले ते माझदाचे १३-बी. त्यात दोन रोटर असून प्रत्येकाचा कप्पा ६५४ घनसेंटिमीटरचा असतो. रोटर त्रिकोणी, तीन फुगीर बाजूंचा. तो एकदा फिरतो तेव्हा शाफ्ट तीनदा फिरतो, म्हणून शाफ्टच्या प्रत्येक फेरीत एका रोटरचा एक कप्पा भरतो. झडपा नाहीत, त्या उघडणारा कॅम नाही. पोर्ट उघडण्या-मिटण्याचे काम रोटरच करतो: त्याची कड तोंडावरून सरकली की पोर्ट उघडतो आणि पुढे गेली की मिटतो. पिस्टनच्या इंजिनात कॅमशाफ्ट बदलून जे साधते, ते येथे पोर्टची कड काही मिलिमीटर सरकवून साधते. खर्च थोडा, मोह मोठा.

मूळ इंजिनात इनटेक पोर्ट बाजूच्या बीडाच्या प्लेटांत असतात. अशा प्लेटा तीन: मधलीत दोन्ही रोटरांचे प्राथमिक पोर्ट, टोकाच्या दोन्हींत दुय्यम. पोर्ट मिटण्याची वरची कड आणखी वर नेली की तो उशिरा मिटतो. इंजिन वेगात असताना नळीतून धावत आलेली हवा आपल्या झोकाने कप्प्यात शिरतच राहते, म्हणून उशिरा मिटणे फायद्याचे ठरते. इंजिन हळू फिरत असेल तर तीच हवा उलटी बाहेर ढकलली जाते. मोटारीला सिग्नलवर उभे राहायचे असते, पुन्हा निघायचे असते, त्यामुळे कंपनीने मधला मार्ग काढलेला असतो. विमानाला हा त्रास नाही. पंखा ठरावीक वेगाने फिरतो आणि इंजिन तासन्‌तास त्याच फेऱ्यांवर राहते.

पोर्टचे गणित म्हणून पंख्यापासून सुरू करावे. लहान विमानाचा पंखा मिनिटाला साधारण २,७०० फेऱ्यांपलीकडे नेत नाहीत, कारण पात्यांची टोके ध्वनीच्या वेगाजवळ जाऊ लागली की गोंगाट वाढतो आणि ओढ कमी होते. रोटरीला मधे गिअरबॉक्स लागतोच. त्याचे प्रमाण २.१७ असेल तर इंजिन ५,८६० च्या आसपास फिरेल; २.८५ असेल तर ७,७०० पर्यंत जाईल. पहिला गिअरबॉक्स घेऊन ८,५०० फेऱ्यांवर ताकद देणारे पोर्ट कोरणे म्हणजे शक्ती कागदावरच ठेवणे. तरीही हे होते, कारण बहुतेक नमुने शर्यतीच्या गाड्यांचे मिळतात. शर्यतीतील रोटरीचा मोठा विजय १९९१ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीतला, माझदा ७८७-बी गाडीचा. तिचे चार रोटरांचे इंजिन चोवीस तास चालले, पण त्याला कोणी गिअरबॉक्समार्गे पंखा जोडला नव्हता.

पोर्टिंगचे ढोबळ तीन प्रकार आहेत. स्ट्रीट पोर्टमध्ये मूळ तोंडच वाढवतात. विमानासाठी बहुधा एवढे पुरते. ब्रिज पोर्टमध्ये मूळ तोंडाच्या बाहेरच्या अंगाला भुवईसारखी आणखी एक खाच पाडतात आणि मधे बीडाची अरुंद पट्टी ठेवतात. रोटरच्या टोकाशी गळती रोखणारे कोपऱ्याचे सील याच पुलावरून जाते. पूल तडकला तर तुकडा थेट इंजिनात जातो, म्हणून विमानात हा प्रकार प्रस्तुत लेखकाला मुळीच पटत नाही. तिसऱ्या, पेरिफेरल प्रकारात बाजूचे पोर्ट बुजवून रोटरभोवतीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगला, पाण्याचा कप्पा ओलांडून, आरपार भोक पाडतात आणि नळी बसवतात. हवा वळण न घेता सरळ आत जाते. ही नळी ४४ मिलिमीटर व्यासाची घेतली तर ६,००० फेऱ्यांवर, कप्पा पूर्ण भरतो असे धरून, तिच्यातील हवेचा सरासरी वेग सेकंदाला ४३ मीटर येतो. ५० मिलिमीटरची घेतली तर ३३ मीटर. मोठे भोक म्हणजे मंद हवा, आणि मंद हवेला झोक कमी. पेरिफेरल पोर्टमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट काही काळ एकत्र उघडे राहतात, त्यामुळे कमी फेऱ्यांवर इंजिन अडखळते. मोटारीत हे नुसते कानाला खटकते. विमानात उतरताना थ्रॉटल ओढला की त्या हिसक्यांनी गिअरबॉक्सचे दाते खडखडतात.

प्रत्यक्ष काम सोपे दिसते. प्लेटवर निळी शाई फासायची, पत्र्याचा साचा ठेवून आखणी सुईने रेघ ओढायची आणि हँड ग्राइंडरला कार्बाइडची बर (फिरणारे दातेरी टोक) लावून रेघेपर्यंत बीड खायचे. भुगा काळा, बोटांना पेन्सिलीच्या शिशासारखा चिकटणारा. ते ग्रॅफाइटच असते. साहित्य इंदुरात सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळते. प्लेटचा उरलेला भाग आधी जाड चिकटपट्टीने झाकून घ्यावा. बर एकदा उसळून पृष्ठभागावर ओरखडा पडला की प्लेट बाद, कारण रोटरच्या बाजूने गळती रोखणारे बाजूचे सील तेथूनच घासत जाते.

रेघ कोठवर न्यायची याला मर्यादा आहेत. आतल्या बाजूला रोटरच्या तेलाच्या रिंगचा मार्ग लागतो. तो ओलांडला की तेल पोर्टात उतरते आणि निळा धूर निघतो. बाहेरच्या बाजूला कोपऱ्याच्या सीलला टेकायला जागा हवी. खोल खोदत गेले तर पाण्याचा कप्पा फुटतो. मिटण्याची कड बाजूच्या सीलला समांतर ठेवू नये. तसे झाले तर सील एकदम तोंडात पडते आणि कडेवर आदळते. कड तिरपी हवी, म्हणजे सील तिच्यावर कात्रीच्या पात्यासारखे हळूहळू चढते. शेवटी कड बारीक कानशीने मोडतात. बोट फिरवून ती लागली नाही पाहिजे. नख अडकले तर सीलही अडकेल. तोंडामागच्या वळणावर हात कमी फिरतो आणि दिसतही नाही, म्हणून तेथे आळस होतो. हवा काटकोनात वळते ती मात्र तिथेच.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. मे महिन्यात ४० अंशांवर बिजासन टेकडीशेजारच्या धावपट्टीवरील हवेची घनता घनमीटरला १.०६ किलोच्या जवळपास येते. समुद्रसपाटीवरची प्रमाण घनता १.२२५ आहे. जवळजवळ १४ टक्के हवा कमी, म्हणजे विमान १,५०० मीटर उंचीवरून निघाल्यासारखेच. पोर्टिंग कप्पा अधिक चांगला भरते, पण भरते याच विरळ हवेने. पंखा आणि पंख यांनाही तीच हवा मिळते, त्यांचे पोर्टिंग होत नाही.

भारतात रोटरी उडाली ती मुख्यतः वैमानिकरहित विमानात. निशांत या अशाच विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे देशी वांकेल इंजिन तयार झाले, त्यात अहमदनगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेचा वाटा होता. त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे आणि इंदूरचा विमानतळही अहिल्याबाईंच्याच नावाचा, योगायोग एवढाच. माणसाने स्वतः बांधलेल्या विमानाला नोंदणी मिळणे येथे किती अवघड, हे मुंबईच्या अमोल यादव यांनी अनुभवले. त्यांचे गच्चीवर बांधलेले विमान २०१६ मध्ये लोकांपुढे आले, नोंदणी २०१९ मध्ये मिळाली.

पोर्टिंगचा फायदा झाला की नाही हे विमान दोराने बांधून, थ्रॉटल पूर्ण उघडून, पंख्याच्या फेऱ्या मोजून ठरवतात. पंखा आणि त्याच्या पात्यांचा कोन दोन्ही वेळा तोच हवा, तापमान आणि दाब वहीत लिहिलेले हवेत. माळव्यात जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर हवा मेच्या दुपारपेक्षा दहा टक्क्यांनी दाट असते. मे महिन्यात जुने पोर्ट तपासले, पावसाळाभर कोरीवकाम केले आणि जानेवारीत पुन्हा मोजले, तर इंजिनाची ताकद प्लेटांना बर न लावताही वाढलेली असेल, पण पंख्यालाही तीच दाट हवा कापावी लागत असल्याने फेऱ्यांत ती तशी दिसणार नाही.