काँगो सुधारणा चळवळीतले फोटो

मध्य आफ्रिकेतल्या काँगो फ्री स्टेटमध्ये रबरासाठी चाललेल्या जुलमाचा पुरावा म्हणून मुख्यतः प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी काढलेले आणि काँगो रिफॉर्म असोसिएशन या ब्रिटिश संघटनेने (स्थापना १९०४) पुस्तकं, पत्रकं आणि मॅजिक लँटर्नच्या (काचेवरची चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवणारा दिवा) व्याख्यानांतून लोकांपुढे आणलेले फोटो. यात सगळ्यात जास्त नाव ब्रिटिश मिशनरी ॲलिस सीली हॅरिस (१८७०–१९७०) यांचं घेतात. मानवी हक्कांसाठी फोटो वापरायची सुरुवात इथूनच झाली असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते जरा जपून घ्यावं, कारण अमेरिकेत गुलामगिरीविरोधी मंडळींनी १८६३ मध्येच चाबकाच्या वळांनी भरलेल्या पाठीचा फोटो कार्डांवर छापून वाटला होता आणि न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांचे जेकब रीसचे फोटोही काँगोच्या आधीचे. पण एका राजवटीविरुद्ध, अनेक देशांत, वर्षानुवर्षं फोटो पुढे ठेवून चालवलेली मोहीम एवढंच बघितलं तर काँगोला पहिला मान द्यायला हरकत नसावी.

१८८५ पासून हा प्रदेश बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी ताब्यात होता. हवेच्या टायरमुळे रबराला भाव आला, मग गावागावावर रबराचा कोटा, तो भरला नाही की बायकांना ओलीस धरायचं, गोळीबार करायचा, आणि गोळी वाया घालवली नाही हे दाखवायला शिपायाने मेलेल्याचा हात कापून आणायचा.

सगळ्यात गाजलेला फोटो नसालाचा. वाला गावचा हा माणूस मे १९०४ मध्ये (बहुतेक १४ तारखेला) बारिंगाच्या मिशनवर आला, तिथलं रबर गोळा करणाऱ्या अबीर कंपनीच्या शिपायांनी त्याची बायको आणि लहान मुलगी बोआली यांना मारलं होतं आणि मुलीचा उरलेला एक हात नि एक पाय त्याने पानात बांधून आणला होता. ॲलिसबाईंनी त्याला व्हरांड्यात बसवून, ते अवशेष समोर ठेवून फोटो काढला. हल्ली इंटरनेटवर या फोटोखाली ‘बापाने रबर कमी आणलं म्हणून मुलीचा हात तोडला’ एवढंच लिहितात, ते अपुरं आहे, तिचा खूनच झाला होता. फोटो मांडून काढलाय हा आक्षेप खरा आहे, बसायची जागा, कॅमेऱ्याचा कोन, सगळं ठरवलेलं दिसतं, पण त्यामुळे पुरावा खोटा होत नाही. तो पुरावा मिशनच्या दारात घेऊन येणारा नसाला स्वतः होता, त्यामुळे ही साक्ष आधी त्याची आणि मग ॲलिसबाईंची असं मानणारे अभ्यासक जास्त पटतात.

श्रेयाबद्दल मतभेद आहेत. छापताना फोटो काढणाऱ्याचं नाव दरवेळी दिलेलं नसायचं, म्हणून पुढे सगळेच फोटो ॲलिसबाईंच्या खात्यावर गेले. डब्ल्यू. डी. आर्मस्ट्राँगसारख्या दुसऱ्या मिशनऱ्यांचेही काही त्यात असावेत असं आता मानतात. कॅमेऱ्याचंही तसंच, मार्क ट्वेनने १९०५ च्या उपरोधिक पुस्तिकेत लिओपोल्डच्या तोंडी ‘लाच न घेणारा कोडॅक’ अशा अर्थाचे शब्द घातले, ते गाजले, पण कोडॅक हे नाव तेव्हा कुठल्याही छोट्या कॅमेऱ्याला सर्रास लावायचे, त्यामुळे त्यावरून ॲलिसबाईंच्या हातात कुठला कॅमेरा होता हे ठरवणं बरोबर नाही. हात तुटलेल्या मुलांना पांढऱ्या कपड्यासमोर उभं करायची पद्धत मात्र बऱ्याच फोटोंत दिसते, म्हणजे तुटलेला भाग उठून दिसावा.

फोटो एकटा किती सिद्ध करतो हा खरा वाद. एपोंडो नावाच्या मुलाचा हात गेलेला सगळ्यांना दिसत होता, पण राज्याच्या बाजूने सांगितलं की रानडुकराने चावा घेतला, आणि त्या एका प्रकरणावरून बाकीच्या तक्रारीही खोट्या ठरवायचा प्रयत्न झाला. मोला आणि योका यांच्या फोटोत योकाचा हात कापलेला आहे, मोलाचे हात मात्र दोऱ्या फार आवळून बांधल्याने सडून गेलेले, हे नुसतं बघून कळत नाही, शेजारी लिहिलेल्या जबानीवरून कळतं. या फोटोंखाली माणसांची नावं आहेत ही फार मोलाची गोष्ट आहे, त्या काळच्या वसाहतींतल्या फोटोंत आफ्रिकन माणूस सहसा बिननावाचा ‘नमुना’ असायचा.

हॅरिस पतिपत्नींनी ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही व्याख्यानं दिली. सव्वातीन इंची काचेच्या चौकोनी स्लाइड पडद्यावर, सोबत भजनं, प्रार्थना, देणगी आणि शेवटी ठराव. इतिहासकार केव्हिन ग्रांट यांच्या मते चळवळीला जनाधार मिळाला तो याच सभांमुळे. जुनं लिखाण संघटनेचे एक संस्थापक ई. डी. मोरेल यांनी काँगोला जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांच्या मालाची जी आकडेवारी मांडली तिला आणि ब्रिटिश वकील (कॉन्सल) रॉजर केसमेंट यांच्या १९०४ च्या अहवालाला जास्त महत्त्व देतं. सरकार हललं अहवालाने आणि सभागृहं भरली फोटोंनी असं दोन्ही धरलं तर कालक्रम नीट जुळतो.

नोव्हेंबर १९०८ मध्ये बेल्जियमने काँगो राजाकडून काढून घेतला, तरी सक्तीची मजुरी लगेच थांबली नाही. संघटना १९१३ मध्ये विसर्जित झाली. २०१४ मध्ये लिव्हरपूलच्या इंटरनॅशनल स्लेव्हरी म्युझियममध्ये या फोटोंचं प्रदर्शन झालं.