सर्पगंधेच्या मुळापाशी : असीमा चटर्जी यांच्या कामाची पार्श्वभूमी

असीमा चटर्जींबद्दल कुठेही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत सदाफुली येतेच. सदाफुलीतून कर्करोगावरचे औषध शोधणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञ, अशी त्यांची ओळख आता जवळजवळ पक्की झाली आहे. पण सदाफुलीतले व्हिनब्लास्टिन हे औषध वेगळे काढले ते कॅनडात, रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी. पाने जमैकाहून आली होती आणि साल होते १९५८. चटर्जींचे काम वेगळे होते. ते एका वाक्यात मावत नाही, म्हणूनच बहुधा त्याच्या जागी हे सोपे वाक्य येऊन बसले असावे.

वैद्य मूळ उगाळून देतो, काढा करून देतो. रोगी बरा झाला की वनस्पतीला गुण आहे असे ठरते. सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाचा प्रश्न याच्या अलीकडचा असतो: त्या मुळात शेकडो पदार्थ आहेत, त्यातला नेमका कोणता? आणि तो आतून दिसतो कसा? हा प्रश्न विचारण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात रुळली. सेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्रेत्याने अफूतून मॉर्फिन वेगळे केले. पुढे १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच जोडीने सिंकोनाच्या सालीतून क्विनिन काढले. वनस्पतीतल्या अशा नायट्रोजनयुक्त, अल्कधर्मी पदार्थांना अल्कलॉइड म्हणतात. असीमाबाईंचे बहुतेक आयुष्य त्यांच्यातच गेले.

भारतात हे काम कलकत्त्यात मूळ धरून वाढले, याला कारणे होती. प्रफुल्लचंद्र राय यांनी काढलेली बेंगॉल केमिकल ही कंपनी कुडा, अडुळसा अशा देशी वनस्पतींची औषधे आधुनिक पद्धतीने बनवून विकत होती. स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा देशी औषधे एकेक करून प्रयोगशाळेत तपासत होते; त्यांचा त्यावरचा मोठा ग्रंथ १९३३ चा. आपल्याकडच्या कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी मेजर बसूंबरोबर सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा कोश तर १९१८ मध्येच निघाला होता. म्हणजे वनस्पतींची नावे, चित्रे, उपयोग सगळे हाताशी होते. नव्हती ती त्यांच्यातल्या रेणूंची ओळख.

असीमा मुखर्जींचा जन्म २३ सप्टेंबर १९१७ चा, कलकत्त्यातला. वडील इंद्रनारायण डॉक्टर होते आणि त्यांना झाडापाल्याचा नाद होता. स्कॉटिश चर्च कॉलेजातून १९३६ मध्ये रसायनशास्त्राची पदवी आणि १९३८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची एमएस्सी. डॉक्टरेटसाठी मार्गदर्शक मिळाले ते प्रफुल्लकुमार बोस, वनस्पतिज द्रव्यांवर काम करणाऱ्या भारतातल्या पहिल्या पिढीतले. १९४४ मध्ये विद्यापीठाने त्यांना डीएस्सी दिली. भारतीय विद्यापीठातून विज्ञानातली ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला मानल्या जातात. मराठी वाचकाला इथे कमला सोहोनी आठवतील. त्यांना १९३९ मध्येच डॉक्टरेट मिळाली होती, पण केंब्रिजची. दरम्यान १९४० पासून असीमाबाई लेडी ब्रेबर्न कॉलेजात रसायनशास्त्र विभाग उभा करत होत्या.

त्या काळी हे काम हाताने कसे होई, ते पाहण्यासारखे आहे. मुळे वाळवायची, कुटायची, अल्कोहोलमध्ये दिवसेंदिवस भिजवायची. अर्क आटवून आम्लात घ्यायचा म्हणजे अल्कलॉइड पाण्यात उतरतात, बाकीचे चिकट, तेलकट मागे राहते. मग अल्कली घालून त्यांना पुन्हा बाहेर काढायचे. हाती आलेले मिश्रण ॲल्युमिनाच्या स्तंभातून सोडून घटक सुटे करायचे आणि प्रत्येकाचे स्फटिक जमण्याची वाट पाहायची. किलोकिलो मुळांतून कधी चिमूटभर पांढरी पूड मिळे. तिचा द्रवणांक, तिच्यातल्या कार्बन-हायड्रोजन-नायट्रोजनचे प्रमाण, आणि मग खरी कसोटी: रेणू जाणूनबुजून फोडायचा, तुकडे ओळखायचे आणि त्यावरून मूळ घर कसे असेल ते मनात बांधायचे. रेणूतल्या अणूंची मांडणी दाखवणारे एनएमआर यंत्र अजून यायचे होते. आज काही तासांत जे उत्तर मिळते, त्यासाठी तेव्हा वर्षे जात. उत्तर चुकलेलेही असू शके, आणि ते दुसरा कुणीतरी दाखवून देई.

१९४५ मध्ये भौतिक रसायनशास्त्रज्ञ बरदानंद चटर्जी यांच्याशी विवाह झाला. १९४७ मध्ये लहान मुलीला बरोबर घेऊन त्या अमेरिकेला गेल्या. विस्कॉन्सिन विद्यापीठात पार्क्स यांच्याकडे, मग कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत लाझ्लो झेखमाइस्टर यांच्याकडे. हा मुक्काम महत्त्वाचा, कारण झेखमाइस्टर म्हणजे क्रोमॅटोग्राफीतला, म्हणजे स्तंभातून सोडून घटक सुटे करण्याच्या तंत्रातला, त्या काळचा अधिकारी माणूस. पुढे झ्युरिकला पॉल कारर यांच्याकडे, ज्यांना १९३७ चे नोबेल मिळाले होते. १९५० मध्ये परतल्या. १९५४ मध्ये विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ सायन्समध्ये रीडर झाल्या.

आता सर्पगंधा. बिहारात वेडावरचे औषध म्हणून तिची मुळे वर्षानुवर्षे विकली जात होती. १९३१ मध्ये दिल्लीच्या तिब्बी कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकींनी तिच्यातून काही अल्कलॉइड काढले आणि हकीम अजमल खानांच्या नावावरून अजमलिन, अजमलिसिन अशी नावे दिली. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाब उतरवते असे लिहिले, पण तिकडे फारसे कुणी पाहिले नाही. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांचा निबंध 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला, तेव्हा जग जागे झाले. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने मुळातून रक्तदाब उतरवणारे रेसर्पिन काढले. १९५६ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत घडवूनही दाखवले.

म्हणजे असीमाबाई जेव्हा सर्पगंधेच्या कुळाकडे पूर्णपणे वळल्या, तेव्हा त्या शेतात मोठमोठ्या कंपन्या आणि विद्यापीठे उतरलेली होती. त्यांच्याकडे पैसा, यंत्रे, माणसे होती. कलकत्त्यात साध्या रसायनांचीही टंचाई. तरीही त्यांनी उचलला तो प्रश्न किचकट होता: अजमलिसिन आणि सर्पजिन या दोन अल्कलॉइडांची त्रिमितीय मांडणी. अजमलिसिनमध्ये २१ कार्बन, २४ हायड्रोजन, २ नायट्रोजन आणि ३ ऑक्सिजन आहेत, एवढे कळल्याने भागत नाही. त्यात चार कार्बन असे आहेत की त्यांना जोडलेले गट डावे-उजवे, दोन्ही प्रकारे बसू शकतात. कागदावर १६ शक्यता होतात. वनस्पती त्यातली एकच बनवते. ती कोणती, हे अप्रत्यक्ष पुराव्यांवरून ठरवायचे. रेणूच्या टोकाशी असलेला दुहेरी बंध परआयोडिक आम्लाने हुडकण्याची त्यांच्या गटाची रीतही याच कामातली. वर्तमानपत्राला यात बातमी दिसणार नाही.

हेच अजमलिसिन सदाफुलीच्या मुळांतही असते. माझा अंदाज असा, की त्या दंतकथेचा उगम इथेच कुठेतरी असावा.

औषधे त्यांच्या हातून घडली ती वेगळी. सुनिषण्णक (बंगाल्यांची शुशनी भाजी) आणि जटामांसी यांपासून अपस्मारावरचे आयुष-५६, आणि सातवीण, काडेचिराईत, कुटकी व सागरगोटा यांपासून हिवतापावरचे औषध. दोन्ही आयुर्वेदाच्या जुन्या संकेतांवर बेतलेली. माझ्या मते त्यांचे मोठेपण या औषधांहून संरचनेच्या कामात जास्त आहे. पण त्यांना स्वतःला ही दोन कामे वेगळी वाटत नसावीत.

मानमरातबांचे थोडक्यात: १९६१ मध्ये रसायनशास्त्रासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, तो मिळवणाऱ्या पहिल्या महिला. १९६२ पासून १९८२ पर्यंत कलकत्ता विद्यापीठात खैरा प्राध्यापक, हे तिथले मानाचे पद. १९७५ मध्ये पद्मभूषण, आणि त्याच वर्षी भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्षपद, १९१४ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे एका महिलेकडे पहिल्यांदाच आलेले. १९८२ ते १९९० राज्यसभेत राष्ट्रपतिनियुक्त सदस्य. यातला भटनागर पुरस्कार जरा थांबून पाहावा असा आहे, कारण रसायनशास्त्रात पुढच्या महिलेला, चारुसीता चक्रवर्ती यांना तो मिळाला २००९ मध्ये. मध्ये ४८ वर्षे गेली. पहिली म्हणून एखादीचा गौरव करताना हे अंतर आपण सहसा मोजत नाही.

त्यांनी बराच वेळ ग्रंथांनाही दिला. 'भारतीय वनौषधि' या बंगाली ग्रंथाचे सहा खंड त्यांच्या संपादनाखाली निघाले. त्यांचे विद्यार्थी आणि सहकारी सत्येशचंद्र पाकड़ाशी यांच्यासह इंग्रजीतही औषधी वनस्पतींचा सहा खंडांचा संग्रह त्यांनी केला, तो सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने प्रसिद्ध केला. २२ नोव्हेंबर २००६ रोजी त्या गेल्या.

त्यांच्या निबंधांच्या यादीत एक नोंद आहे: रॅझिया स्ट्रिक्टा या अरबस्तान ते बलुचिस्तान पट्ट्यात उगवणाऱ्या झुडपात गाइसोशिझिन हा पदार्थ सापडल्याची. तो औषध नाही. वनस्पती तो वाटेत बनवते आणि त्यापासून पुढचे अल्कलॉइड घडवते. सदाफुली व्हिनब्लास्टिन कसे तयार करते, याची न सापडलेली शेवटची विकरे (एन्झाइम) २०१८ मध्ये संशोधकांना सापडली आणि ती सगळी वाट एकदाची जुळली. त्या वाटेत, बऱ्याच अलीकडे, गाइसोशिझिन आहे.