दंडावरचा गुद्दा

सहकाऱ्यांमधला जिव्हाळा आणि त्यांच्यातला जाच ही दोन वेगळी खाती आहेत, असे आपण सहसा धरून चालतो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न या टेलिफोन-सामग्रीच्या कारखान्यात कामगारांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी नोव्हेंबर १९३१ पासून एका खोलीत जे टिपले, ते वाचल्यावर मात्र ही विभागणी टिकत नाही.

त्या खोलीत १४ पुरुष टेलिफोन एक्स्चेंजचे भाग तयार करत: नऊ जण तारा जोडणारे, तिघे डाख देणारे आणि दोघे तपासनीस. खोलीतच बसलेला निरीक्षक फक्त नोंदी ठेवी. मजुरी सगळ्या गटाच्या उत्पादनावर ठरत असल्याने प्रत्येकाने जास्त काम करावे, अशी कंपनीची अपेक्षा होती. कामगारांनी मात्र दिवसाला दोन नग, म्हणजे साधारण ६,००० ते ६,६०० जोड, एवढेच ‘रास्त’ काम ठरवले होते. त्यापुढे हात चालवणाऱ्याच्या दंडावर शेजारी सणसणीत गुद्दा ठेवून देई, आणि हा प्रकार हसतखेळत चाले. फार कमी काम करणारा कामचुकार ठरे. साहेबाच्या कानाला लागणारा तर त्याहून वाईट.

हीच माणसे मनाई असतानाही मागे पडलेल्याचे काम उरकून देत, आपसांत कामाची अदलाबदल करत आणि पैजा लावत. अर्थात, अदलाबदलीची मागणी जवळजवळ नेहमी तारा जोडणाराच करी, कारण त्याचा मान डाख देणाऱ्याहून वरचा. मैत्रीतही पायऱ्या होत्या.

सर्वांत बोलके निरीक्षण चाचण्यांचे आहे. ज्याचे उत्पादन सर्वांत कमी होते, तो बुद्धिमत्तेच्या चाचणीत पहिला आणि हस्तकौशल्यात तिसरा होता. म्हणजे कोण किती काम करतो, हे त्याच्या कुवतीपेक्षा तो कोणत्या घोळक्यात बसतो आणि तिथे त्याला किती मानतात, यावर ठरत होते. खोलीत असे दोन घोळके होते, आणि खिडकी उघडी ठेवावी की बंद, यावरूनही खटके उडत.

काम वाढवले तर दर कापतील किंवा माणसे कमी करतील, ही कामगारांची भीती संशोधकांना तर्कापेक्षा भावनेची वाटली. महामंदीच्या ऐन भरातली ही भीती भ्रामक म्हणणे मला तरी जड जाते. मे १९३२ मध्ये ती खोली बंद झाली, कारण कारखान्याकडे पुरेसे कामच उरले नव्हते.