दोन मिनिटांचा डायनासोर

जुन्या माहितीपटांत डायनासोर यायला वेळ लागायचा. आधी उघड्या माळावर उकिडवं बसून ब्रशने माती झाडणारी माणसं दिसायची. मग प्लॅस्टरमध्ये गुंडाळलेली हाडं, संग्रहालयातला छताला टेकणारा सांगाडा, एखादं जुनं रंगचित्र आणि हातात दात धरून तो कशाचा हे समजावून सांगणारे शास्त्रज्ञ. एवढं सगळं झाल्यावर कुठे तो, म्हणजे त्याची हलती बाहुली, पडद्यावर यायचा, किंचित थरथरत, पाऊल टाकताना हिसका देत. दोन-तीन मिनिटं चरायचा किंवा झुंजायचा, आणि पुन्हा हाडं सुरू व्हायची.

हे पाहत वाढलेली माणसं आजही ते तुकडे शोधत असतात. माहितीपटाचं नाव आठवत नाही, निवेदक आठवत नाही, पण शेपटीचा तो एक फटकारा आठवतो. माझ्या मते या ओढीचं मूळ बाहुलीच्या गोडव्यात जेवढं आहे, त्याहून जास्त त्या वाट पाहण्यात आहे. आणि वाट का पाहावी लागायची, याचं उत्तर ही दृश्यं घडवण्याच्या पद्धतीत सापडतं.

ही पद्धत म्हणजे स्टॉप-मोशन. तीत बाहुलीच्या पोटात धातूचा सांगाडा असतो. त्याच्या सांध्यांत गोळी आणि खोबण असते, म्हणजे पाय वाकवून सोडला की तो तिथेच थांबतो. वर स्पंजचे किंवा कापसाचे स्नायू आणि रबराची कातडी. ॲनिमेटर बाहुली केसभर हलवतो, कॅमेऱ्याची एक चौकट घेतो, पुन्हा केसभर हलवतो. सेकंदाला 24 चौकटी या हिशेबाने दोन मिनिटांसाठी 2,880 चौकटी लागतात. तेवढ्या वेळात मान, शेपूट, चारही पाय, छातीचा भाता हे सगळं कुठून कुठे चाललं होतं, ते डोक्यात धरून ठेवायचं. मधे धक्का लागला, दिवा गेला, तर बहुधा पहिल्यापासून. तासाभराच्या कार्यक्रमात डायनासोर पाच-दहा मिनिटंच असायचे ते यामुळे. उरलेला वेळ हाडांनी भरायचा.

ही वाट पहिल्यांदा ज्याने रुळवली तो विलिस ओब्रायन. 1886 साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये जन्मलेला हा माणूस गुराखी, संगमरवराच्या कामावरचा कारागीर, वर्तमानपत्राचा व्यंगचित्रकार असं बरंच काही करून बाहुल्यांकडे आला. 1918-19 च्या सुमारास केलेल्या त्याच्या एका लघुपटाला न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातल्या बार्नम ब्राउन यांचा सल्ला लाभला होता. टायरॅनोसॉरसचा पहिला सांगाडा शोधून काढणारे ते हेच. म्हणजे अगदी सुरुवातीपासून या बाहुल्यांच्या मागे कुणीतरी हाडं मोजणारा माणूस उभा होता.

पुढे ओब्रायनच्या 1925 च्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’ या चित्रपटासाठी मार्सेल डेल्गाडो या तरुण शिल्पकाराने सुमारे पन्नास डायनासोर घडवले. नमुना होता प्रागैतिहासिक प्राण्यांचे चित्रकार चार्ल्स नाइट यांच्या चित्रांचा. डेल्गाडोने बाहुल्यांच्या पोटात हवेच्या पिशव्या बसवल्या. त्या चौकटीचौकटीला थोड्याथोड्या फुगवल्या की जनावर श्वास घेतंय असं वाटे. चित्रपट पूर्ण होण्याआधी, 1922 साली, मूळ कादंबरीचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांनी त्यातले काही तुकडे न्यूयॉर्कमध्ये जादूगारांच्या एका मेजवानीत काही न सांगता दाखवले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी वाचली तर बातमीदारालाही ही जनावरं खरी की बनवलेली हे ठरवता आलेलं दिसत नाही.

पण कथापटात डायनासोरला एकच काम असतं: माणसाच्या मागे लागणं. ओब्रायनच्याच 1933 च्या ‘किंग काँग’मध्येही तेच. जनावराला जनावरासारखं वागू द्यायचं, चरू द्यायचं, पिलांजवळ बसू द्यायचं, तर माहितीपटच हवा होता. ही ओढ रे हॅरीहाउझेन यांना फार लवकर लागली. तेराव्या वर्षी ‘किंग काँग’ पाहून भारावलेल्या या मुलाने 1930 च्या दशकाच्या अखेरीस जीवसृष्टीच्या उत्क्रांतीवर एकट्याने चित्रपट करायला घेतला. 1940 साली डिस्नेचा ‘फँटेझिया’ आला, त्यात हाताने रंगवलेले डायनासोर अख्ख्या वाद्यवृंदाच्या साथीने पडद्यावर चालले, आणि हॅरीहाउझेननी आपलं काम अर्ध्यावर सोडून दिलं. 1956 साली मात्र त्यांना आणि ओब्रायन यांना ‘द ॲनिमल वर्ल्ड’ या माहितीपटाचा डायनासोरांचा भाग एकत्र करायला मिळाला. देखरेख गुरूची, बाहुल्यांवर हात शिष्याचा. दहा-बारा मिनिटांच्या त्या भागात जन्म, झुंज आणि शेवटी ज्वालामुखींच्या आगीत सगळ्यांचा अंत आहे. उल्का आदळून डायनासोर संपले ही कल्पना तेव्हा रुजलेली नव्हती. ती रुजवणारा वाल्टर आणि लुईस अल्वारेझ व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध 1980 चा. अमेरिकेत हा चित्रपट आज विस्मृतीत गेला असला, तरी त्यातला तेवढाच भाग लोकांनी जपून ठेवला आहे.

त्याच सुमारास, 1955 साली, चेकोस्लोव्हाकियात कारेल झेमान यांनी ‘त्सेस्ता दो प्रावेकू’, म्हणजे आदिम काळाकडचा प्रवास, हा चित्रपट केला. याच्यापाशी थोडं थांबायलाच हवं. कथा आहे चार मुलांची. ती होडीत बसून नदीतून निघतात आणि नदी त्यांना काळात मागे मागे नेते: आधी हिमयुग आणि मॅमथ, मग सस्तन प्राण्यांचं युग, मग डायनासोर, मग कोळशाची दलदलीची जंगलं आणि अगदी शेवटी समुद्रकिनारा, जिथे सगळ्यात धाकट्याला जिवंत ट्रायलोबाइट, म्हणजे एक आदिम कवचधारी समुद्री जीव, पाहायचा असतो. मुलं वाटेत नोंदवही लिहितात. रात्री एका स्टेगोसॉरसची शिकारी डायनासोरशी झुंज होते. सकाळी मुलं त्या मेलेल्या जनावराजवळ जातात, त्याच्या पाठीवरचे तवे पाहतात, त्याला हात लावतात.

मला हे दृश्य सगळ्या स्टॉप-मोशन डायनासोरांमध्ये सर्वांत मोलाचं वाटतं. झुंज संपल्यावर कॅमेरा निघून जात नाही. जनावर शरीर म्हणून, अभ्यासण्याची वस्तू म्हणून समोर राहतं. झेमाननी चालत्या बाहुल्या, कापून काढलेली चित्रं आणि जवळच्या दृश्यांसाठी मोठ्या आकाराच्या प्रतिकृती असं सगळं बेमालूम मिसळलं. डायनासोरांची रूपं त्यांनी झ्देन्येक बुरियान यांच्या चित्रांवरून घेतली आणि सल्ल्याला पुराजीवशास्त्रज्ञ योसेफ आउगुस्ता होते. 1966 साली अमेरिकेत या चित्रपटाला नवी सुरुवात जोडली गेली, ज्यात मुलं न्यूयॉर्कच्या संग्रहालयातून प्रवासाला निघतात. तिथल्या टीव्हीवर तो तुकड्यातुकड्यांनी दाखवला गेला, आणि एका पिढीला तो आपलाच वाटला.

शाळांत प्रोजेक्टरवर दाखवल्या जाणाऱ्या छोट्या फिल्म्स हा या आठवणींचा आणखी एक मोठा साठा. वाह चँग यांची 1970 ची डायनासोरांवरची फिल्म अमेरिकी वर्गांत वर्षानुवर्षं चालली. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी बिल मेलोन यांनी 1981 साली केलेली अकरा मिनिटांची फिल्म एका जंगलातल्या साध्या दिवसाची गोष्ट सांगते. रीळ एकच, शिक्षक तेच, दरवर्षी तीच फिल्म; ती पाठ व्हायची.

दरम्यान विज्ञान पुढे निघून गेलं होतं. 1969 साली जॉन ऑस्ट्रम यांनी डायनोनिकस या डायनासोरचं वर्णन प्रसिद्ध केलं: चपळ, शेपूट ताठ, पायाला कोयत्यासारखी नखी. रॉबर्ट बॅकर यांनी 1975 साली डायनासोर सुस्त सरड्यांसारखे नव्हते असं ठासून मांडलं. 1979 साली जॅक हॉर्नर आणि रॉबर्ट मकेला यांनी मोंटानात सापडलेल्या घरट्यांवरून मायासॉरा हा डायनासोर पिलांची काळजी घेत असावा हे दाखवलं. शेपटी जमिनीवर फरपटत चालणारा, पाण्यात बुडून वजन पेलणारा जुना डायनासोर आता टिकणार नव्हता.

हे बदल बाहुल्यांपर्यंत आणले ॲनिमेटर फिल टिपेट यांनी. ‘स्टार वॉर्स’ मालिकेचं काम संपल्यावर त्यांनी स्वतःच्या हौसेने दहा मिनिटांचा ‘प्रीहिस्टॉरिक बीस्ट’ हा लघुपट केला. एक शिंगवाला डायनासोर चरतो आहे, जंगलात शिरतो आहे आणि टायरॅनोसॉरस त्याच्या मागावर आहे, बस एवढंच. निवेदन नाही, माणूस नाही. तो पाहून टिपेटना टीव्हीवरच्या माहितीपटाचं काम मिळालं. 1985 साली अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर आलेल्या ‘डायनोसॉर!’ या कार्यक्रमाचे सूत्रधार क्रिस्टोफर रीव्ह होते आणि त्यातल्या दृश्यांना एमी पुरस्कार मिळाला. घरट्याजवळचे, मायासॉराच्या कुळातले हॅड्रोसॉर त्यात आहेत, म्हणजे मोंटानातला शोध पाच-सहा वर्षांत बाहुल्यांच्या अंगात उतरला होता.

हिसक्याचं कोडंही त्याआधीच सुटत आलं होतं. खरं जनावर धावतं तेव्हा प्रत्येक चौकटीत त्याचा पाय थोडा पुसट उमटतो. बाहुली मात्र चौकट घेताना स्थिर असते, म्हणून प्रत्येक चौकट लख्ख आणि चाल तुटक. 1981 च्या ‘ड्रॅगनस्लेयर’साठी टिपेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गो-मोशन बसवलं: शटर उघडं असतानाच मोटारी बाहुलीला किंचित हलवतात आणि पुसटपणा आपोआप येतो. ‘जुरासिक पार्क’साठी हेच वापरायचं ठरलं होतं. संगणकावर केलेले नमुने पाहिल्यावर स्टीव्हन स्पीलबर्गनी बेत बदलला. आता आपणच नामशेष झालो, असं टिपेट म्हणाले आणि ते वाक्य चित्रपटातल्या संवादात गेलं. टिपेट मात्र कामावर राहिले. सांध्यांवर संवेदक बसवलेला बाहुलीचा सांगाडा तयार झाला. ॲनिमेटर तो हाताने हलवत आणि संगणकातला डायनासोर तसा हले. 1993 च्या त्या चित्रपटाच्या दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालेल्या चौघांत तेही होते.

1999 साली बीबीसीचा ‘वॉकिंग विथ डायनोसॉर्स’ आला आणि माहितीपटाची घडणच बदलली. सहाही भागांत जनावरं सतत पडद्यावर होती, जणू कॅमेरा घेऊन कुणी त्या काळात गेलं होतं. तो देखणा होता आणि मला आवडतोही. पण हाडं मात्र पडद्याआड गेली. जुन्या माहितीपटात प्रेक्षकाला कायम दिसत राहायचं की हा प्राणी दातावरून, मणक्यावरून, पावलाच्या ठशावरून कुणीतरी जुळवला आहे. बाहुलीची थरथर त्याचीच खूण होती. तपशील चुकीचे होते: पिसं नव्हती, टायरॅनोसॉरस ताठ उभा होता, ब्राँटोसॉरस चिखलात बुडाला होता. तरी हे कुणाच्या तरी हातून जुळलेलं आहे, हे ती थरथर कधी लपवत नसे.

त्या बाहुल्यांपैकी फार थोड्या उरल्या. दिव्यांच्या उष्णतेने आणि वर्षांनी रबर ठिसूळ होतं, भेगा पडतात, तुकडे गळतात. ओब्रायनच्या काळातल्या कित्येक बाहुल्यांचे आता फक्त धातूचे सांगाडे संग्राहकांकडे आहेत. हॅरीहाउझेननी आपल्या वस्तू टिकाव्यात म्हणून 1986 सालीच पत्नीसह प्रतिष्ठान काढलं. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त एडिंबरामध्ये त्या बाहुल्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. प्रागमध्ये झेमान यांचं संग्रहालय आहे आणि त्यांच्या नदीप्रवासाची प्रत नव्याने स्वच्छ केली गेली आहे. ‘प्रीहिस्टॉरिक बीस्ट’ टिपेट यांच्याच स्टुडिओने डागडुजी करून 2011 साली इंटरनेटवर मोफत ठेवला. आवाज मोठा करून, अंधारात पाहावा. टायरॅनोसॉरस पहिल्यांदा दिसण्याआधी बराच वेळ फक्त झाडं हलतात.